कोटाच्या बटणाएवढी गाठ

गाठीला सुई लावायची नाही. लावली की ती पसरते. का, ते विचारायचं नाही. मोठ्यांनी सांगितलंय ना, झालं तर मग!

ज्या सुईवर हा आळ आहे, ती मीच बोलतेय. रक्त काढायच्या सुईहून अंगाने बारीक आणि स्वभावाने जरा फटकळ. कारखान्यात माझं टोक भिंगाखाली तपासलं, मला पाकिटात बंद केलं आणि मी दवाखान्याच्या खणात येऊन पडले. पाच महिने! आम्हा सुयांचं काम आयुष्यात एकदाच, तेही मिनिटभराचं. त्यासाठी एवढी वाट बघायची आणि वर ही बदनामी.

एका सकाळी डॉक्टरीणबाईंनी मला ट्रेमध्ये ठेवलं. खुर्चीत कपडे शिवणाऱ्या एक बाई बसल्या होत्या. आठ महिन्यांपूर्वी त्यांच्या तोंडात, वरच्या टाळूवर शर्टाच्या बटणाएवढी गाठ होती. आता ती कोटाच्या बटणाएवढी झाली होती. सोबत थोरले भाऊ, वहिनी आणि त्यांची कॉलेजातली मुलगी.

"सुई नको," भाऊ म्हणाले. "आमच्या काकांच्या गालातल्या गाठीला सुई लावली आणि तीन महिन्यांत गेले ते."

"तेव्हा केवढी होती गाठ, बाबा?" मुलीने विचारलं.

"लिंबाएवढी. म्हणून तर डॉक्टरकडे नेलं."

"आणि त्याआधी किती दिवस होती?"

"असेल दोनेक वर्षं."

"दोन वर्षं गाठ तुम्ही सांभाळलीत आणि नाव सुईचं?"

पाकीट फोडून तिला टाळी द्यावी असं मला वाटलं. पोलीस आले म्हणून चोरी झाली, असं म्हणणारी माणसं ही!

"मोठ्यांना उलट बोलायचं नाही," वहिनी म्हणाल्या. याच वहिनी दर महिन्याला साखर तपासायला रक्त देतात. माझ्याहून जाड सुई त्यांना बरी चालते!

"तुमचं काय म्हणणं?" डॉक्टरीणबाईंनी खुर्चीतल्या बाईंना विचारलं.

बाई गप्प. जन्मभर ओठांत टाचण्या धरून शिवणकाम केलेलं. टाचण्या तोंडात असल्या की बोलता येत नाही आणि ती सवय टाचण्या नसतानाही टिकली होती. त्या भावाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी तोंड मोठ्ठं उघडलं.

"अजिबात हलू नका हं."

"नाही हलणार. कापड हललं की टाका चुकतो."

मी आत गेले. खरं सांगू? तेव्हा माझी मस्ती जिरली. गाठ चांगली की वाईट, ते मला कळत नाही. मी फक्त चार पेशी उचलून आणते. दोन थेंब काचेवर उतरवले आणि माझं आयुष्य संपलं. आता मी खोलीच्या कोपऱ्यातल्या पांढऱ्या डब्यात आहे. डबा भरला की आम्हा सगळ्यांची राख. तक्रार नाही. एवढंच मागणं आहे की, घाबरायचं तर जरूर घाबरा, पण लवकर घाबरा.

तीन दिवसांनी सगळे परत आले. मी डब्यातून कान टवकारले.

"लाळेच्या ग्रंथीची गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "यात कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत. पण ती वाढत राहणार. ऑपरेशन करून पूर्ण काढायला हवी."

बाईंनी तीन दिवस धरून ठेवलेला श्वास सोडला. भाऊ मात्र उठलेच. "साधी निघाली ना? मग चला घरी. गाठीला चाकू लावायचा नाही."

"लावला की चिघळते," वहिनींनी जोडलं.

मुलगी तोंड उघडणार, तेवढ्यात बाई बोलल्या.

"नाही दादा."

"काय?"

"काकांनी दोन वर्षं तुमचं सगळ्यांचं ऐकलं. मी नाही ऐकणार. डॉक्टर, तारीख सांगा."

भाऊंनी वहिनींकडे बघितलं. वहिनींनी पर्सची चेन उघडली, पुन्हा लावली. डब्यात आम्ही शेकडो टोकदार जणी, पण आज सगळ्यांत टोकदार निघाल्या त्या बाई.