कातरल्यावरची ओळख

पोत्यांच्या मागं कसलं तरी झाकण खुडबुडलं आणि दुपारची शांतता मोडली.

रागिणीचा डोळा नुकता कुठं लागला होता. तान्हं कुशीत, तिचा एक हात त्याच्या पावलांवर. पापण्या उघडायच्या आतच तिला कळलं, की आपण उठायची गरज नाही. गोधडीच्या पायथ्याशी वेटोळं करून पडलेला इवलासा कुत्रा, झिपऱ्या, उठलाच होता. आधी कान ताठ झाले, मग मान जरा तिरकी, मग पावलं अशी की जमिनीलाही कळू नये. तुरीच्या पोत्यांमागं एकदाच धप्प झालं. मग टकटक नखं वाजवत तो परत आला, मेलेला उंदीर उंबऱ्याशी ठेवला आणि पुन्हा जागेवर येऊन पडला. खाणंबिणं नाही. काम झालं, बस्स.

रागिणीनं डोळे मिटून घेतले.

दिवाळी झाली की तिचा नवरा अंगद मेंढरांचा कळप घेऊन वऱ्हाडाकडं निघतो तो पाऊसपाण्यालाच माघारी येतो. घरी उरतात सासरे ज्ञानबा, सहा वर्षांची रुपा, यंदा हे तान्हं, आणि लांबची चाल न झेपणारी, लेकुरवाळी अशी पंधराएक मेंढरं. पौषात उंदरानं तान्ह्याची टाच कुरतडली. हिंगोलीला नेऊन सुया टोचून आणल्या, पण त्या दिवसापासून रागिणीची झोप गेली ती गेलीच. मांजर आणली, तर ती दूध पिऊन लठ्ठ झाली आणि शेजारच्यांकडं राहायला गेली. औषध ठेवावं तर घरात लेकरं, दारात मेंढरं. मग रागिणीच रात्रभर भिंतीला टेकून पाळत ठेवायची, आणि दिवसा भाकरी थापता थापता डुलकी यायची. एकदा तर हात तव्यावरच टेकला.

अशातच एक दिवस कनेरगाव नाक्यावरून येताना ज्ञानबांच्या मागं मागं हे झिंज्यांचं गाठोडं चालत आलं. डोळे कुठं अन् शेपूट कुठं, काही दिसायला मार्ग नाही. अंगभर गोखरू, कानात गोचिड्या. ज्ञानबांनी दोन दिवस गोखरू वेचले, तिसऱ्या दिवशी कंटाळून मेंढरांची कातर घेतली, मेंढराला पाडतात तसं त्याला आडवं पाडलं आणि साफ कातरून टाकलं. आत निघालं सशाएवढं. "याची लोकर काई कामाची न्हाई," ते म्हणाले, "निस्तं रेशीम." अंगावर केस राहिले नाहीत, नाव मात्र झिपऱ्याच राहिलं.

त्यानं पहिल्याच दिवशी सात उंदीर मारले. आणि रागिणी अशी झोपली, की रुपानं तिच्या नाकापुढं बोट धरून बघितलं म्हणे, माय जिती हाय का म्हणून. त्याला आता दीड महिना झाला होता.

उन्हं कलली तेव्हा शिवप्रसाद मेंढरांना लस टोचायला आला. जनावरांच्या दवाखान्यात मदतनीस होता तो, गावातलाच. ज्ञानबा अंगणात कातरणीला बसले होते. चार मेंढरं कातरून झाली होती, पाचवं पायाखाली. शिवप्रसादनं पेटी उघडली खरी, पण त्याची नजर बांधाकडं गेली ती तिथंच राहिली. झिपऱ्या एका बिळात अर्धा शिरला होता. मागचे पाय आणि तोडकी शेपटी तेवढी बाहेर, आणि माती उडवणं चाललेलं. तेवढ्यात शेजारचं थोराड कुत्रं हुंगत आलं. झिपऱ्या बिळातून निघाला आणि सरळ त्याच्या अंगावर गेला. थोराड कुत्र्यानं जरा विचार केला आणि वाट बदलली.

"आबा, हे आपल्याकडचं कुत्रं न्हाई," शिवप्रसाद म्हणाला.

परभणीला शिकत असताना एका सरांकडं असलं कुत्रं त्यानं पाहिलं होतं. केस असते तर लांबूनच ओळखलं असतं, म्हणाला. या जातीची सारी ओळख केसांवर. पण आता खुंट आलेत त्यातही दिसून राहिलंय बघा, पाठ लोखंडासारखी निळसर-करडी, तोंड आणि पाय तांबूस. कान इवले, टोकदार, उभे. वजन तीन किलोसुद्धा नाही. आणि रंग एक वेळ फसवेल, सोभाव नाही फसवायचा. बीळ दिसलं की येडं होणार, आवाज झाला की मान तिरकी करणार, हट्ट सोडणार नाही. आपण एवढंसं आहोत हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं. यॉर्कशायर टेरियर. विलायतेत गिरण्यांमधले उंदीर मारायला पाळायचे म्हणे, पुढं मोठ्या घरच्या बायांच्या मांडीवर गेलं.

मांडीवर बसून खायला मिळत असताना उंदरामागं कोण धावेल, असं ज्ञानबांचं म्हणणं पडलं.

"रगतातलं जात न्हाई, आबा. तुमचा अंगद वाशिमला दुकानात कामाला लागला व्हता की. किती दिस राह्यला?"

"अकरा," ज्ञानबा म्हणाले, आणि दोघंही हसले.

हसता हसताच शिवप्रसादला काहीतरी आठवलं. त्यानं मोबाइल काढून बराच वेळ वर-खाली केला आणि एक फोटो रागिणीपुढं धरला. खाली लिहिलं होतं, नाक्यावरच्या धाब्यापासून हरवलं आहे, कुणाला दिसल्यास कळवा. फोटोत जमिनीला टेकणारे रेशमी केस, डोक्यावर लाल रिबिनीची गाठ. झिपऱ्याचं त्यात काही म्हणता काही नव्हतं. पण मान तिरकी होती.

रागिणीनं फोटो माघारी दिला. पदर सारखा केला.

शिवप्रसादनं बिळाजवळ जाऊन झिपऱ्याचा फोटो काढला, तिथल्या नंबरवर पाठवला, आणि अंगणात येऊन स्पीकरवर फोन लावला. पलीकडून एका बाईचा आवाज आला. अकोल्याहून बोलत होती. फोटो पाहिला म्हणाली, पण हा आमचा टॉफी नव्हे हो, आमच्या टॉफीचे केस... आणि मधेच थांबली. मागून एका लहान मुलानं विचारलं, सापडला का. "नाही रे बाळा," ती म्हणाली. हे ती पहिल्यांदा म्हणत नव्हती. तो थकवा रागिणीनं ओळखला. झिपऱ्या यायच्या आधी तो रोज तिच्याच आवाजात असायचा.

फोन बंद झाला. शिवप्रसादनं खांदे उडवले. "ठिवा मंग तुमी, वैनी. इच्यारलं आपुन, आपलं काम झालं."

रुपानं तिथल्या तिथं दोन उड्या मारल्या. रागिणी तान्ह्याला घेऊन उंबऱ्यात टेकली. आजचीही झोप शाबूत, उद्याचीही.

समोर नुकतंच कातरलेलं पाचवं मेंढरू ज्ञानबांच्या हातून सुटून उभं राहिलं, उघडंबोडकं. त्याचं कोकरू धावत आलं, जवळ थबकलं, हुंगलं आणि पुढं निघून गेलं. दुसरीकडं गेलं, तिसरीकडं गेलं, ब्यां ब्यां करत फिरत राहिलं. कातरणीच्या दिवशी हे असंच. आई त्याच्या मागं धावली नाही. जागेवरून तिनं एकदा आवाज दिला, पुन्हा दिला. कोकरू गर्रकन वळलं आणि थेट तिच्या पोटाखाली.

"लोकर जाते, आवाज जात न्हाई," असं ज्ञानबा दर वर्षी म्हणायचे. आज म्हणाले नाहीत. मान खाली घालून कातर पुसत राहिले.

रागिणी त्यांच्याकडं बघत राहिली. मग शिवप्रसादला म्हणाली, "पुना लावा फोन."

"काहून? न्हाई म्हणली की ती."

"तिनं पाह्यलं निस्तं. म्हणावं, हाक मार."

ज्ञानबा हळूच म्हणाले, "पोरी, तान्ह्याचं काय मंग?"

तिनं बांधाकडं बघून शीळ घातली. झिपऱ्या आला, नाकावर मातीचा गोळा. शिवप्रसादनं फोन लावून मोबाइल जमिनीवर ठेवला. बाईला आधी उमगेना. मग तिनं हाक मारली, घाबरत घाबरत, हसं होईल म्हणून घाबरावं तशी.

"टॉफी? टॉफी बाळा?"

झिपऱ्याचे कान उभे राहिले. मान तिरकी झाली. आणि मग दीड महिन्यात या घरानं ऐकला नव्हता असा आवाज त्याच्या गळ्यातून निघाला. तो मोबाइलवर झेपावला, त्यानं तो चाटला, पंजानं उलटा केला, त्याच्या मागं कुणी आहे का ते बघितलं, पुन्हा उलटा केला. पलीकडून पोराच्याही हाका येत राहिल्या.

उद्या सकाळी बाई गाडी घेऊन येणार, असं ठरलं. लस टोचून शिवप्रसाद गेला. जाताना रागिणीला काहीतरी बोलावं म्हणून उभा राहिला, आणि मांजराचं नवं पिल्लू बघतो, एवढंच म्हणाला.

मोबाइल पडला होता तिथं झिपऱ्या मातीला नाक लावून बसून राहिला. रुपानं "झिपऱ्या" म्हणून हाक मारली. त्याचा एक कान हलला, बाकी तो हलला नाही. तिनं आणखी एकदा मारली. मग येऊन आईला चिकटून उंबऱ्यात बसली. तान्ह्याच्या टाचेवरचा पांढरट वण तिनं बोटानं चाचपला, आत पोत्यांकडं बघितलं, मग वर आईच्या डोळ्यांकडं.

"माय," ती म्हणाली, "मंग आता तू कवा झोपशील?"