पास बंद

मी रुपराव. चौतीस वर्षं सिनेमाच्या पेट्यांबरोबर हिंडलो. आता सिनेमा तारेतून येतो की ढगातून येतो कोण जाणे, पण तेव्हा तो रिळांत गुंडाळून लोखंडी पेटीत यायचा आणि पेटीबरोबर वितरकाचा एक माणूस यायचा. तो माणूस मी. थिएटरवाल्यानं तीनशे तिकिटं विकून दोनशे दाखवू नयेत म्हणून दारात उभं राहायचं, तिकिटाचा अर्धा तुकडा डब्यात टाकायचा, खेळ सुरू झाला की डोकी मोजायची आणि रिपोर्ट भरायचा. रिपोर्टात शेवटचा रकाना असायचा ‘पास’. त्या रकान्याइतका राग मला आयुष्यात कशाचा आला नाही. ठाणेदाराचा मेहुणा, वीज मंडळाच्या साहेबाची सासू, मालकाचा न्हावी, सगळे पासवर. आणि खुर्ची मोडकी आहे म्हणून सगळ्यात जास्त ओरडणार तेही हेच.

एवढा तोरा मिरवल्यावर पुढचं सांगायला जीभ जड होते. माझ्या भाचीचा सिनेमा लागला तेव्हा मी तिच्याकडून चार पास मागून घेतले.

भाची म्हणजे मयुरा, माझ्या धाकट्या बहिणीची, शोभाची मुलगी. दोघी मायलेकी नागपुरात नंदनवनला राहतात. मयुरानं आठ-नऊ वर्षं जाहिरातींच्या फिल्मा केल्या, पैसे साठवले, त्यात शोभाच्या निवृत्तीच्या पैशांतले चार लाख घातले आणि अकरा लाखांत एक सिनेमा केला. नाव ‘कंपनीची बस’. नागपूरहून कळमेश्वरच्या एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला जाणाऱ्या बायांची गोष्ट. नटी कोणी नाही, त्याच बाया.

त्या बसची एक रीत आहे. जागा नोकरीच्या वर्षांप्रमाणे मिळते. खिडकी जुन्यांची, मधली सीट त्यांच्यानंतरच्यांची आणि नवी आली की तिनं दांडा धरून उभं राहायचं, कोणी नोकरी सोडेपर्यंत. सीटवर डबा ठेवला की सीट धरली. त्या डब्याला ड्रायव्हरसुद्धा हात लावत नाही. मयुरा तीन महिने रोज त्या बसनं गेली आणि तिन्ही महिने उभी राहिली, कॅमेरा छातीशी धरून. कोणी सरकलं नाही, तिनं मागितलं नाही. सिनेमात हे सगळं आहे. बघताना माझ्यासारख्या कोरड्या माणसाचे डोळे भरून आले. ते फुकटात भरून आले, ही शरम वेगळी.

आपल्या लोकांत घरच्या माणसाच्या कार्याला पैसे देऊन जाणं म्हणजे त्याला परकं करणं. पोरानं खानावळ काढली तर बिल विचारायचं नाही, पुतण्या डॉक्टर झाला तर फी काढायची नाही. मयुरानं ही रीत पाळली. वितरक कोणी मिळाला नव्हता, म्हणून तिनं स्वतःच एका मल्टिप्लेक्सशी बोलून शुक्रवारचा एक खेळ भाड्यानं घेतला आणि लग्नपत्रिका द्याव्यात तसे दारोदार पास दिले, पेढ्यांसकट. तिचे मोठे बाबा नत्थूजी, म्हणजे तिच्या वडिलांचे थोरले भाऊ, त्यांनी एकट्यानं अठरा घेतले. हॉल भरला, टाळ्या पडल्या, पेपरात फोटो आला. शनिवारपासून तिकीट लावून खेळ होते, सकाळी सव्वाअकराला. शनिवारी नऊ माणसं आली, रविवारी चौदा. सोमवारी सिनेमा उतरला.

जे तिकीट काढणार होते ते सगळे आधीच फुकट बघून गेले होते. आणि ज्यांचा सिनेमा होता त्या बाया सव्वाअकराला कळमेश्वरात कामावर उभ्या होत्या, कारण त्यांच्या कंपनीची सुट्टी रविवारी नसते, बुधवारी असते.

गुरुवारी मी नंदनवनला गेलो तेव्हा टेबलावर कागद पडला होता. मुंबईच्या एका कंपनीनं पाठवला होता. चार लाख रुपये, सगळे हक्क, कायमचे. फोनवर बोलणारा माणूस गोड होता, म्हणाला, मोबाइलवर घराघरांत दाखवू. मी चष्मा लावून कागद दोनदा वाचला. त्यात घ्यायचं सगळं होतं, दाखवायचं कुठेच नव्हतं. पुढच्या बुधवारी संध्याकाळी सहापर्यंत सही हवी होती.

“मामाजी, मी थकली,” मयुरा म्हणाली. “आईचे चार लाख वापस होतील. मले आता एवढंच पाहिजे.”

“अन् सिनेमा?”

“तो त्याईचा होईल.”

शोभा मधेच म्हणाली की माझ्या पैशांचं नाव काढू नको, पण तिच्या आवाजात जोर नव्हता. तिलाही पोरीची दशा बघवत नव्हती.

मला राग आला. मुंबईवाल्याचा आला, त्याहून जास्त माझा आला. मी मयुराला म्हणालो की आमच्या धंद्यात पेटी कोणी विकत नसे. इतके आठवडे, इतक्या गावांपुरती भाड्यानं द्यायची, मुदत संपली की पेटी घरी. शेजारणीला भाजी देतानाही आपण नाव कोरलेली वाटी देतो, ती वाटी परत यावी म्हणून. अकरा लाखांचं भांडं बिननावाचं देऊन टाकते होय?

“पण घेते कोण मामाजी? बोलावलं तर किती आले, पाहिलं नं तुम्ही.”

ते पाहिलं होतं. चार पासवर बसून पाहिलं होतं. मी तिला फक्त दोन प्रश्न विचारले. त्या बायांचा पगार किती तारखेला होतो? सात. सुट्टी कधी? बुधवारी. येता बुधवार नऊ तारखेचा होता. जुन्या काळी रामटेकच्या बाजूला पेटी न्यायचो तेव्हाही आधी धान विकून हातात पैसा कधी येतो ते विचारायचो, सिनेमा कोणाचा आहे ते नंतर. लग्नसराई संपली होती, म्हणजे कळमेश्वरात मंगल कार्यालय स्वस्तात मिळणार. सेन्सॉरचा दाखला मयुराजवळ होताच.

“सही सहापर्यंत आहे. आपण तीनचा खेळ लावू,” मी म्हणालो.

“अन् रिकामा गेला तर?”

“तर पेन मी देतो.”

असं ठरलं. हॉल भरला तर सिनेमा तिचा, नाही भरला तर मुंबईचा.

कार्यालय मिळालं, अडीचशे खुर्च्यांचं. क्रिकेटच्या मॅची दाखवणाऱ्या एकाकडून पडदा आणि प्रोजेक्टर घेतला. गुलाबी तिकिटं छापली, ऐंशी रुपये. आणि ती घेऊन आम्ही वंदनाकडे गेलो. वंदना ही त्या बसची जुनी जाणती बाई, सतरा वर्षांची नोकरी, बसमधली भिशी तीच चालवते. सिनेमातही आहे. तिनं तिकीट उलटंपालटं करून बघितलं आणि हसली.

“आमचंच थोबाड पाहाले आम्हीच पैसे देऊ काय वं?”

मयुराचं तोंड उघडलं. आता ही पास म्हणणार, हे मला दिसलं आणि मी तिच्या पायावर पाय दिला. वयाला शोभत नाही, पण दिला. वंदनानं आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं, मग तिकिटांचं पुस्तक भिशीच्या वहीत ठेवलं. बघू, एवढंच म्हणाली.

मंगळवारपर्यंत तिचा फोन नाही. मयुरानं चारदा लावला, तिनं उचलला नाही. शोभानं तेवढ्यात मुंबईच्या कागदावर वाटी ठेवली होती, उडू नये म्हणून. मला ते बरं वाटलं नाही.

बुधवारी मी सकाळीच कळमेश्वरला पोचलो आणि कार्यालयाच्या दारावर लाल रंगानं स्वतःच्या हातानं पाटी लिहून लावली: ‘पास बंद’. मग मयुराकडून पाच तिकिटं घेतली. एक आजचं, चार मागची. ती नको नको म्हणत होती. मी म्हणालो, माझी झोप माझी आहे, तिचा भाव मला माहीत. चौतीस वर्षं सिनेमाच्या दारात काढली, पण तिकीट विकत घेण्याची ही पहिलीच वेळ.

दोन वाजता पहिली गाडी आली ती नत्थूजींची. स्वच्छ पांढरा सदरा, मागे घरातली पाच माणसं. पोरीचं कार्य आहे म्हणून मुद्दाम नागपूरहून आले होते, सरळ आत निघाले. मी दारात हात आडवा धरला.

“मी घरचा माणूस हाव गा रुपराव.”

“म्हणूनच म्हणतो नत्थूजी. घरच्यानं तिकीट नाही काढलं, तर बाहेरचा काहून काढंल?”

ते पाटीकडे बघत राहिले. मग मयुराकडे. मला वाटलं, आता भांडण होतं आणि आयुष्यभराचा अबोला धरतात. पण त्यांचा चेहरा उतरला. “अठरा पास घेतले मी,” ते म्हणाले. “मले वाटलं, पोरीचा मान वाढवून राहिलो. कोणी सांगितलं नाही मले.” त्यांनी पाकीट काढलं, सहा तिकिटं घेतली आणि सुट्टे परत न मोजता खिशात टाकले. माणूस वाईट नाही. आम्ही कोणीच वाईट नव्हतो. सगळ्यांनी मिळून प्रेमानं त्या पोरीला बुडवलं होतं, इतकंच.

पावणेतीन वाजले. हॉलमध्ये नत्थूजींचे सहा, शोभा, आसपासची पंधरा-वीस माणसं. बाकी सगळ्या खुर्च्या रिकाम्या. मयुरानं तिची पिशवी माझ्याजवळ दिली. तिच्यात तो कागद होता आणि फोन होता, तो मुंबईच्या फोननं थरथरत होता. “पेन आणलं काय मामाजी?” तिनं विचारलं. मी खिशावर हात ठेवला. आणलं होतं. शब्द दिला होता.

तीनला पाच मिनिटं कमी असताना रस्त्यावर बस वळली. तीच कंपनीची बस. सुट्टीच्या दिवशी बायांनी डिझेलचे पैसे गोळा करून ड्रायव्हरला बोलावलं होतं. तिच्यामागे दुसरी आली, शेजारच्या कारखान्याची. मग तिसरी. बाया उतरल्या, वेण्या-गजरे घालून, नवरे-पोरांसकट, आणि प्रत्येकीच्या हातात गुलाबी तिकीट. वंदनानं फोन उचलला नव्हता, कारण दिलेलं पुस्तक सोमवारी पगार होताच संपलं होतं आणि ती स्वतः छापखान्यात जाऊन दुसरं छापून घेत होती. विचारलं तर खुर्च्या अडीचशेच आहेत म्हणून आम्ही नाही म्हणू, अशी तिला भीती होती.

मी फाडत सुटलो. बोटं दुखली तरी सुटलो. आत बघतो तर बाया बसमध्ये बसतात तशाच बसत होत्या, खिडकीवाल्या कडेला, मधल्या मधे, आणि नवीन पोरी खुर्च्या रिकाम्या असूनही मागे भिंतीला टेकून उभ्या. वंदनानं त्यांना दटावून बसवलं. कार्यालयवाल्यानं मागून आणखी खुर्च्या आणल्या.

दार लावायची वेळ झाली. मयुरा सवयीनं आत येऊन भिंतीशी उभी राहिली. तेवढ्यात वंदना उठून दाराशी आली.

“काकाजी, हिचं तिकीट कुठी आहे?”

मी म्हणालो, अगं तिचाच सिनेमा आहे.

“मंग पाटी कोणाच्या हातची आहे?”

मयुरा गडबडून माझ्याजवळच्या पिशवीत पैसे शोधायला लागली. वंदनानं तिचा हात धरला आणि कमरेच्या बटव्यातून घडी केलेलं गुलाबी तिकीट काढून माझ्यापुढे धरलं.

“बसमधल्या बायाईनं काढलं आहे, दोन-दोन रुपये टाकून. तीन महिने उभी होती आमच्यात, कोणी बस नाही म्हटलं तिले. आज खिडकीची सीट धरली आहे तिच्यासाठी.”

पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, स्टीलचा डबा ठेवला होता. मी तिकीट फाडलं. अर्धं डब्यात टाकलं, अर्धं मयुराच्या हातात दिलं. ती गेली, डबा उचलला, खुर्चीवर बसली आणि डबा मांडीवर धरून सगळा सिनेमा तिनं तसाच बघितला.

पडद्यावर वंदना पहिल्यांदा दिसली तेव्हा हॉलमध्ये जो गलका झाला, तसा मी मोठमोठ्या सिनेमांना ऐकलेला नाही. शेवटी मात्र कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाया नुसत्या बसून राहिल्या, एकमेकींचे हात धरून. मग तिसऱ्या बसमधल्या दोघी माझ्याकडे आल्या आणि त्यांच्या गावच्या महिला मंडळासाठी हा सिनेमा कधी मिळेल, भाडं किती, विचारायला लागल्या. मी मयुराकडे बोट दाखवलं.

पावणेसहाला मुंबईचा फोन पुन्हा आला. मयुरानं डबा काखेत धरून तो घेतला.

“विकायचा नाही,” ती म्हणाली. “दोन वर्षांसाठी भाड्यानं पाहिजे असंल तर पुढच्या वर्षी बोलू.”

त्या गोड माणसानं फोन ठेवून दिला. मी खिशातलं पेन काढलं आणि जुन्या सवयीनं रिपोर्ट भरला. हॉल, पडदा, छपाई, सगळं वजा जाऊन नऊ हजार उरले होते. अकरा लाख अजून लांब आहेत, तेवढा हिशेब मलाही येतो. डोकी आणि तिकिटं यांत चाराचा फरक निघाला, तो कशाचा ते मला ठाऊक होतं. विकलेली तिकिटं: तीनशे नऊ. पास: शून्य.

मयुरानं कागद हातात घेतला आणि आकड्यावर बोट ठेवलं.

“यात माझं धरलं काय मामाजी?”

“धरलं,” मी म्हणालो.