तिसऱ्या दालनातलं बंद दार

समुद्राकाठच्या त्या दीडशे वर्षं जुन्या हवेलीत आता आधुनिक कलेचं संग्रहालय आहे. तिथे लोकांना दालनं फिरवून दाखवायची नोकरी मला लागून जेमतेम आठवडा झाला होता. माझे बाबा कुलपं दुरुस्त करतात. त्यांच्या मते माझं काम म्हणजे नुसती तोंडाची वाफ दवडणं. "रविवारी येऊन बघतो. पटलं तर ठीक, नाहीतर सोमवारपासून दुकानात बस," असं त्यांनी जाहीर केलं. आणि बाबांनी जाहीर केलं की आमच्या घरात विषय संपतो.

आले. इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या पंधरा पाहुण्यांच्या मागे उभे राहिले. मग मी अशी काही सुटले म्हणता! उलट्या टांगलेल्या खुर्च्यांवर बोलले, तारांच्या गुंत्यावर बोलले, आणि तिसऱ्या दालनातल्या जुन्या बंद दारापाशी तर माझी गाडी सुसाट. त्या दाराला पाटी नव्हती, पण पाटी नसणं हीसुद्धा कलाच असते, एवढं मी दोन दिवसांत शिकले होते.

"हे दार म्हणजे आपण स्वतःलाच दिलेला नकार," मी म्हणाले. एका बाईंनी डोळे टिपले.

"ह्याला तेल हवंय," मागून बाबा म्हणाले.

"बाबा, हात नाही लावायचा!" मी म्हणेपर्यंत त्यांनी खिशातून तार काढली, कुलपाला कान लावला आणि दोनदा खुडबुड केली. दार उघडलं. आत तीन झाडू, एक बादली, फिनेलचा डबा आणि तावदान फुटलेली खिडकी.

मेले! आठवडाभर मी अडगळीच्या खोलीवर प्रवचन झोडत होते.

तेवढ्यात खिडकीतून समुद्राचा वारा भस्सकन आत घुसला. माहितीपत्रकं छतापर्यंत उडाली, कुणाची टोपी खुर्च्यांत अडकली, आणि लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. त्यांना वाटलं, हेच ठरलेलं होतं! आवाज ऐकून आमच्या संचालकबाई धावत आल्या. "चार वर्षं किल्ली सापडत नव्हती हो!" म्हणत त्या हसता हसता फरशीवरच बसल्या. मलाही हसू आवरेना.

बाबांचे कान लालबुंद झाले होते. "चाळीस वर्षं दारं उघडतोय," ते हळूच म्हणाले, "टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत कधी."

मला त्यांना घट्ट मिठी मारावीशी वाटली. पण पुढचा गट दालनाच्या तोंडाशी आलाच होता. बाबांनी घाईघाईने दार ओढलं, कुलूप लावलं, शर्ट नीट केला.

"घे त्यांना आत," ते म्हणाले. "आधी तू ते नकाराचं बोल. सावकाश बोल, घाई करू नकोस. मग मी उघडतो."