घटिका बुडण्याच्या आत

लोहाऱ्यातील गुरुसिद्धप्पा स्वामींच्या देवघरात तांब्याचे एक पात्र आहे. आकार मोठ्या वाटीएवढा, आणि तळाशी सुईच्या अग्राएवढे छिद्र. विवाहाच्या दिवशी पाण्याने भरलेल्या घंगाळात ते अलगद सोडतात. छिद्रातून पाणी आत येत राहते आणि चोवीस मिनिटे पूर्ण होताना पात्र भरून तळाशी जाते. ती एक घटिका. स्वामी जंगम कुळातले, चाळीस वर्षे शाळेत संस्कृत शिकवून निवृत्त झालेले. पंचक्रोशीतील मुहूर्त पाहणाऱ्या घरांची लग्ने याच पात्रावर लागत आली. मांडवात कुणी मनगटी घड्याळ पुढे केले, तर स्वामी शांतपणे सांगत की घड्याळ घटिकेला लावून घ्यावे, घटिका घड्याळाला लावू नये.

वर्षभरापासून घंगाळाजवळ एक अधिकारी व्यक्ती बसू लागली होती. ती म्हणजे स्वामींची साडेचार वर्षांची नात गौरी. पात्र तळाला गेले की "बुडाली" असे जाहीर करण्याचा मान तिचा. ती हा शब्द अशा गांभीर्याने उच्चारी, की वाजंत्रीवाले नवरदेवाकडे न पाहता तिच्या तोंडाकडे पाहत उभे राहत.

यंदाच्या नरकचतुर्दशीला आजी नीलम्मांनी तिला पाटावर बसवून तेल लावायला घेतले. पोटाला तेल चोळताना उजव्या कुशीत त्यांच्या हाताला काहीतरी लागले. टणक, गुळगुळीत, आणि दाबले तरी न दुखणारे. नीलम्मांनी पाच लेकरे वाढवली होती. त्यांनी दोनदा चाचपून पाहिले आणि तिसऱ्यांदा हात मागे घेतला. गौरी मात्र उटण्याचे बोट नाकाला लावून बसली होती आणि आजी का थांबली असे विचारत होती.

"अहो, हे वायूचं न्हाय," नीलम्मा बाहेर येऊन पतीला म्हणाल्या. काही आठवड्यांपासून पोर डोके दुखते म्हणत होती, आणि तो दोष सर्वांनी दूरदर्शनसंचाला दिला होता, तेही त्यांना त्याच क्षणी आठवले.

त्याच आठवड्यात गौरीचे वडील नंदीश आणि आई उमादेवी तिला सोलापूरच्या मोठ्या रुग्णालयात घेऊन गेले. स्वामी सोबत होतेच. तेथील बालशल्यचिकित्सक डॉक्टर श्रावस्ती मूळच्या वाशीच्या, वयाने चाळिशीच्या आतल्या. त्यांनी पहिली आज्ञा केली ती अशी की यापुढे कुणीही हिचे पोट दाबून पाहायचे नाही. मग पोटाच्या आतली छायाचित्रे दाखवली. गाठी दोन्ही मूत्रपिंडांत होत्या. उजव्या बाजूची नारळाएवढी, डाव्या बाजूची वरच्या टोकाला, बोराएवढी. लहान मुलांनाच होणाऱ्या या कर्करोगातून बहुतेक मुले सुखरूप बाहेर पडतात, हे त्यांनी आधी सांगितले. दोन्ही बाजूंना तो क्वचित होतो आणि तेव्हा जपून चालावे लागते, हे नंतर सांगितले. डोकेदुखीचे कारणही उलगडले. मोठ्या गाठीने मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी दाबली होती. रक्त कमी येऊ लागले की मूत्रपिंडाला वाटते, साऱ्या देहातच रक्त उणे झाले. मग ते हाकाटी करते आणि सर्वांगाचा रक्तदाब चढवून ठेवते.

"म्हंजे गुर्दा उपाशी हाय म्हनून घरभर आरडतोय," नीलम्मांनी नंतर हे ऐकले तेव्हा म्हटले. याहून चांगला अनुवाद स्वामींनाही सुचला नाही.

पौषापर्यंत दर आठवड्याला, गाठी लहान करणाऱ्या इंजेक्शनांसाठी सोलापूरच्या खेपा झाल्या. गौरीचे केस गेले. आरशात पाहून तिने निष्कर्ष काढला की आता आपले डोके अगदी अज्जासारखे, म्हणजे आजोबांसारखे, झाले आहे, आणि त्या आनंदात ती दोन दिवस स्वामींची शाल पांघरून घरभर हिंडली. औषधांचा गुण आला. दोन्ही गाठी आक्रसल्या आणि शस्त्रक्रियेची तिथी ठरवायला डॉक्टरांनी सर्वांना बोलावले.

"उजवी किडनी पूर्ण काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "डावी वाचवायची आहे. तिच्यातली गाठ कापताना रक्ताची वाट चिमट्यानं बंद करावी लागते. भोवती बर्फाचा चुरा भरू, म्हणजे थंडीनं तिची भूक मंद होईल. तरीही चिमटा पंचवीस मिनिटांच्या आत काढायचा, असं मी ठरवलं आहे."

"एक घटिका," स्वामी म्हणाले.

डॉक्टरांनी मान वर केली. दहावीला त्यांनीही संस्कृत घेतले होते. "हो. एका घटिकेच्या आत."

अधिक वेळ लागला तर काय, असे नंदीशने विचारले. डॉक्टरांनी उत्तर लपवले नाही. रक्त बराच वेळ थांबले तर मूत्रपिंड बधिर होते. कधी ते चार दिवसांनी जागे होते, कधी त्याचा काही भाग जागा होतच नाही. हिच्याजवळ ते एकच उरणार. ते जागे झाले नाही, तर पोरीचे आयुष्य यंत्राच्या आधारावर जाईल.

परतताना जळकोटला चहासाठी सारे उतरले. नंदीशच्या मनात वेगळीच धास्ती होती. डॉक्टरांनी दिलेला दिवस पौषातला होता, आणि त्यातून अमावास्या. ज्यांच्याकडे सारा तालुका मुहूर्त विचारायला येतो, ते वडील आता काय म्हणतील? अखेर त्यानेच विषय काढला.

"अप्पा, त्या दिवशी अमावास्या आहे."

स्वामींनी बशीतला चहा संपवला. "लग्नाला थांबता येतं, म्हणून लग्नाला मुहूर्त पाहायचा," ते म्हणाले. "हिला थांबता येत नाही."

घरी आल्यावर गौरीला एकच जिज्ञासा होती. तिच्या पोटातली किडनी किती वेळ श्वास धरणार आहे? स्वामींनी अंगणात घंगाळ मांडले आणि पात्र पाण्यावर सोडून म्हटले, हे बुडायच्या आत तिला सोडणार आहेत. नंदीशने सहज भ्रमणध्वनीवर चोवीस मिनिटांचा गजर लावला.

गजर झाला तेव्हा पात्र तरंगत होते. त्याची कड पाण्याच्या चांगली बोटभर वर होती. गौरीने दोघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि तिचा शब्द सत्याला बांधलेला असल्यामुळे ती गप्प राहिली. पात्र बुडाले ते सत्ताविसाव्या मिनिटाला.

यंत्र चुकले असेल, असे स्वामी म्हणाले. दुसरे यंत्र आणले. शेजारच्या, लोहारा-जळकोट जीप चालवणाऱ्या व्यंकटचे मनगटी घड्याळही मागवले. सत्तावीस, पुन्हा सत्तावीस. तेव्हा स्वामींनी पात्र पालथे करून उन्हात धरले. विंधनविहिरीच्या पाण्यातील क्षाराचे पांढरे कडे छिद्राभोवती जमले होते. वर्षानुवर्षे थोडे थोडे साचत ती वाट किंचित आक्रसली होती, आणि घड्याळाशी तुलनाच वर्ज्य असल्यामुळे कुणाच्या ध्यानात आले नव्हते.

स्वामींनी त्या कड्यावर नख घासून पाहिले. नीलम्मांनी जवळ येऊन छिद्र निरखले. "डाक्टरीण गौरीच्या नसेचं सांगत हुती, तसंच झालंय की हे. वाट बारीक झाली, अन् सगळा हिशोब बिघडला."

बातमी संध्याकाळपर्यंत गल्लीत पसरली. व्यंकट कुंपणाजवळ येऊन उभा राहिला. "म्हंजे सामी, माझं लगीन तीन मिन्टं उशिरा लागलं म्हना की. तरीच. मी बायकोला सांगतच हुतो, भांडनात माझी चूक न्हाय, मुहूर्ताची हाय."

भिंतीपलीकडून त्याच्या पत्नीचा आवाज आला. "तीन मिन्टं मोकळी हायेत हे तवाच सांगायचं हुतं. मी उठून घरला गेले असते."

स्वामी हसले, आणि दिवाळीनंतर ते तसे प्रथमच हसले. पुढे जो कोणी विचारायला आला, त्याला त्यांनी टाळले नाही. होय, उशीर झाला, दोष माझा, असे सरळ सांगितले. बहुतेकांनी आपापल्या संसाराचे श्रेय त्या तीन मिनिटांना देऊन टाकले. पात्र एक रात्र चिंचेच्या कोळात बुडवून ठेवले, आणि दुसऱ्या दिवशी ते चोवीस मिनिटांना तळाशी गेले. गौरीने आपला शब्द उच्चारला. मग तिने फर्मावले की पात्र सोलापूरला सोबत न्यायचे.

अमावास्येच्या सकाळी शस्त्रक्रियागृहाच्या दारापर्यंत तिने ते छातीशी धरून नेले. दारात ते आजोबांच्या हाती देऊन ती म्हणाली, "अज्जा, मी येईपर्यंत पाण्यात सोडू नका. बुडाली कोण म्हणणार?"

म्हणून स्वामी कोरडे पात्र मांडीवर घेऊन साडेचार तास बसले. आत चिमटा केव्हा लागला आणि केव्हा निघाला, हे त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता. बाजूला उमादेवी गौरीची लोकरीची कानटोपी उसवून पुन्हा विणत होती.

दुपारी डॉक्टर श्रावस्ती बाहेर आल्या. "एकोणीस मिनिटं," त्यांनी स्वामींकडे पाहून सांगितले. "तुमची घटिका अजून तरंगत होती." उजवे मूत्रपिंड निघाले होते, डाव्यातली गाठ कडेसह निघाली होती. आता उरलेल्याने जागे व्हायचे होते. त्याची खूण एकच. नळीतून खाटेला लटकणाऱ्या पिशवीत मूत्र उतरले पाहिजे.

पहिल्या दिवशी चार थेंब उतरले. दुसऱ्या दिवशीही पिशवीचा तळ जेमतेम ओला झाला. डॉक्टरांनी सांगितले की बर्फ असूनही असे होते, रक्त थांबल्याचा धक्का ओसरायला वेळ लागतो. उद्यापर्यंत पाहू, नाही तर यंत्र लावावे लागेल. गौरी मधूनमधून डोळे उघडून पाणी मागे, आणि मोजून चमचाभरच दिले की रागावून पुन्हा मिटे.

आतल्या कक्षात सकाळी दहा वाजता एकालाच दहा मिनिटे जाऊ देत. तिसऱ्या दिवशी नीलम्मांनी पतीला पुढे केले. स्वामींचा जन्म सोवळ्याओवळ्यात गेलेला. घरात लहान मूल कुशीत ओले झाले तरी आधी उठून स्नान करणारे ते, त्या पिशवीसमोर पद्मासनात बसावे तसे स्टुलावर बसले. नीलम्मा काचेतून पाहत होत्या.

नळीच्या टोकाशी एक थेंब जमला. फिकट, केशराच्या पाण्यासारखा. तो लोंबकळला, थांबला आणि पडला. मागून दुसरा आला. तिसरा पडतो न पडतो तोच चौथा आला. परिचारिकेने वाकून पाहिले, कागदावर आकडा लिहिला आणि डॉक्टरांना बोलावणे धाडले. स्वामींचे हात आपोआप जोडले गेले होते.

"तुमी पूजेला बसल्यावानी बसला हुताव," बाहेर आल्यावर नीलम्मा डोळे पुसत म्हणाल्या.

"पूजेलाच बसलो होतो," स्वामी म्हणाले.

दुपारी पिशवी रिकामी करावी लागली, तेव्हा डॉक्टर श्रावस्तींनी यंत्राचा विषय बंद केला. नंदीशने व्यंकटला कळवले. व्यंकटने ती वार्ता लोहाऱ्याच्या जीपथांब्यावर ज्या शब्दांत घोषित केली, ते शब्द येथे लिहिणे प्रशस्त नव्हे. पण जळकोटला निघालेल्या प्रवाशांनी, गौरी कोण हे ठाऊक नसताही, टाळ्या वाजवल्या.

वैशाखात गल्लीतल्या महांतप्पांच्या मुलीचे लग्न निघाले. गौरीची काही इंजेक्शने अजून बाकी होती, परंतु रक्तदाब उतरला होता आणि डोक्यावर ज्वारीच्या कोंभांसारखे केस दिसू लागले होते. डॉक्टरांची तिला ताकीद होती की पाणी भरपूर प्यायचे आणि लघवी कधीही रोखून धरायची नाही. ती ताकीद ती कुठेही आणि कुणासमोरही पाळत असे.

घंगाळ मांडले. स्वच्छ पात्र तरंगू लागले. वधूवर अंतरपाटाच्या दोन बाजूंना उभे राहिले, लोकांनी अक्षता मुठीत घेतल्या. पात्र काठोकाठ भरत आले होते, एवढ्यात गौरी उभी राहिली.

"अज्जा, मला लागली."

नीलम्मांनी नातीचा हात धरला आणि दोघी मागच्या दाराने निघाल्या. पात्राची कड पाण्याला टेकायला केसभर अंतर उरले होते. महांतप्पांनी स्वामींकडे पाहिले. वधूपित्याची मान किंचित हलली, नकारार्थी की होकारार्थी, हे त्यांनाही सांगता आले नसते.

स्वामींनी पात्रात बोट घातले आणि छिद्रावर टेकवून पाण्याची वाट बंद केली. पात्र जागच्या जागी थांबले.

कुणी हसले नाही, कुणी घड्याळ काढले नाही. नवरदेवाने अंतरपाटावरून डोकावून काय झाले असे विचारले, आणि करवलीने त्याला गप्प केले. मागच्या अंगणातून गौरीचे आणि आजीचे बोलणे ऐकू येत होते, मग नळाचा आवाज आला.

"सामी, किती मिन्टं झाली हो?" व्यंकटने हळूच विचारले.

"मोजली नाहीत," स्वामी म्हणाले.

गौरी ओल्या हातांनी परत आली, परकर सावरून आपल्या जागी बसली आणि पात्राकडे पाहिले.

"आता सोडा," ती म्हणाली.

स्वामींनी बोट उचलले.