शिट्टी कोणी थांबवली?

मित्रांनो, माझा निळा रंग जागोजागी उडाला आहे आणि बुडाला पोचा आला आहे. पण माझ्या दिसण्यावर जाऊ नका. मी हॅलिफॅक्सच्या क्लिफर्ड आजोबांची जुनी, शिट्टीची किटली आहे आणि मी चित्रपटात काम केलं आहे. तेही भयपटात!

एडना आजींनी लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मला घरी आणलं. दिवसातून सहा वेळा मी शेगडीवर चढायचे. पाणी उकळलं की अशी शिट्टी मारायचे, की शेजारीणसुद्धा आपले कप काढायची. आजोबा खुर्चीतूनच ओरडायचे, "एडना, तुझी लाडकी बोंबलतेय गं!" मग आजी येऊन गॅस बंद करायच्या. चाळीस वर्षं माझी शिट्टी त्यांच्याच हाताने थांबली.

आजी गेल्या. आता शिट्टी थांबवायला कोणी येईना. आजोबांनी विजेची किटली आणली आणि मला सिंकखालच्या कपाटात ढकललं. फिनेलच्या बाटलीशेजारी मी तीन वर्षं काढली. फार अपमान वाटला.

मला बाहेर काढलं त्यांच्या नातीने, हॅटीने. ती कॉलेजात चित्रपट शिकत होती आणि परीक्षेसाठी तिला भयपटाची पहिली दोन मिनिटं बनवायची होती. तिचा पहिला प्रयत्न साफ फसला होता. वादळ, अंधार, मुखवटा, सुरी, किंकाळी, सगळं त्यात होतं आणि सगळा वर्ग पोट धरून हसला होता. तिच्या शिक्षिका ऑगडेनबाईंनी शुक्रवारपर्यंत शेवटची संधी दिली होती. "भयपटाच्या नेहमीच्या गोष्टी वापर, पण एखादी मोडूनही दाखव," असं त्या म्हणाल्या होत्या.

"भरदुपारी किटलीला कोण घाबरणार?" कॅमेरा सांभाळणारा झुबेर म्हणाला.

"ऐक तर! घरात एकटी मुलगी, हे नेहमीचंच. पण बाहेर लख्ख ऊन. ती वरच्या खोलीत अभ्यास करतेय आणि खाली किटलीची शिट्टी सुरू होते."

"पण किटली ठेवली कोणी?"

"तेच तर! आणि मग शिट्टी बंद होते."

झुबेरने माझ्याकडे जरा निराळ्याच नजरेने पाहिलं. "बाप रे! काटा आला बघ अंगावर."

खोटं कशाला सांगू, मला स्वतःचा भारी अभिमान वाटला. मुलीचं काम हॅटीनेच केलं. ती खाली येते तर मी वाफाळते आहे आणि टेबलावर चहाचा भरलेला कप. ती मागच्या दाराची कडी बघून येते, एवढाच प्रसंग.

गुरुवारी दोघं स्वयंपाकघरात बसून चित्रणाचे तुकडे जोडू लागले आणि हॅटी किंचाळली. कडी बघून ती वळते, तोवर टेबलावरचा कप रिकामा!

"आजोबा! कप कोणी रिकामा केला?"

"मी. निवत चालला होता. चांगला चहा ओतून देऊ की काय?"

"अहो, तो चित्रपटातला चहा होता!"

"असेल. साखर तेवढी कमी होती."

हॅटी रडकुंडीला आली. कॅमेरा कॉलेजला परत गेला होता, पुन्हा चित्रण करणं शक्यच नव्हतं. झुबेर मात्र तो तुकडा परत परत बघत होता. "थांब हॅटी. आधी कप भरलेला, मग रिकामा. घरात दुसरं कोणी नाही. मग चहा संपवला कोणी?"

तो तुकडा तसाच ठेवायचं ठरलं.

शुक्रवारी आजोबांना आणि मला वर्गात मानाने नेलं. माझी शिट्टी सुरू झाली तेव्हा मागच्या बाकावर कोणीतरी फिदीफिदी हसलं. शिट्टी थांबली आणि हसूही थांबलं. रिकामा कप दिसला तेव्हा पुढच्या मुलीने शेजारणीचा हात गच्च धरला. "काय ठेवायचं आणि काय मोडायचं, ते तुला बरोबर कळलं," बाई म्हणाल्या. हॅटीचा चेहरा असा फुलला, की माझ्या तीन वर्षांच्या हालांची भरपाई झाली.

घरी येताना आजोबांनी मला मांडीवर घेतलं. मग म्हणाले, "शिट्टी थांबली ना, तेव्हा घरात कोणीतरी आहे असं वाटलं."

"म्हणजे तुम्हीपण घाबरलात?"

"छे गं! बरं वाटलं."

आता विजेची किटली कपाटात आहे आणि मी शेगडीवर. मित्रांनो, तुमच्याही कपाटात कोणी जुनं पडलं असेल, तर त्याला एकदा बाहेर काढून बघा. मी शिट्टी मारली की आजोबा लगेच उठत नाहीत. थोडा वेळ वाट बघतात. मग स्वतः येऊन गॅस बंद करतात.