भाताच्या कोठीतला बॉक्स

माझ्या म्युझिक सिस्टिमचे दोन बॉक्स एका आईचे नाहीत. जोडीतल्या एकाचा पडदा उंदरांनी खाल्ला, तेव्हा वडगावच्या ज्या जुन्या सामानवाल्याकडून मी सिस्टिम आणली होती, त्यानंच दुसऱ्या कंपनीचा एक बुटका बॉक्स लावून दिला. तो फ्रिजवर असतो. मोठा असतो भांड्यांच्या मांडणीवर. मोठा वाजला की खालच्या फळीवरचे स्टीलचे पेले थरथरतात, आणि ढोलकीचं गाणं लागलं तर असे किणकिणतात, जसे काही गाणारणीमागे उभे राहिलेले झीलकरी. मला ते आवडतं. भाकरी थापताना तर फारच.

पण हे आवडणं मी चार वर्षं लपवलं. कारण सबनीस साहेब.

कुरवंड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला साहेबांचा बंगला आहे आणि तो मी सांभाळते. त्यात एक खोली फक्त गाणं ऐकण्याची. जाड पडदे, माणसाएवढे दोन स्पीकर आणि समोर मधोमध एकच खुर्ची. बाईसाहेब आल्या तर कुठे बसतात, हे मी कधी विचारलं नाही. त्या खोलीत त्या येतच नाहीत. खुर्चीच्या चारी पायांसाठी फरशीवर चिकटपट्टीच्या खुणा केलेल्या आहेत. एकदा पुसताना खुर्ची वीतभर सरकली, तर साहेब डोळे मिटून म्हणाले, गाणारी बाई आज खिडकीबाहेर उभी आहे. मी जाऊन खिडकीबाहेर बघून आले.

खोलीत काहीही थरथरता कामा नये, हा त्यांचा पहिला नियम. काच थरथरली, फोटोची चौकट थरथरली, की गाण्याची वाट लागली म्हणायची.

असंच एका शनिवारी सकाळी त्यांचा फोन आला. इकडे घरी माझं गाणं चालूच होतं. साहेबांनी विचारलं, "सविताबाई, मागे डबे कोण बडवतंय?"

"मिक्सर आहे साहेब," मी म्हणाले.

"बदला तो. बेअरिंग गेलंय त्याचं."

त्या दिवसापासून माझं आवाजाचं बटण दोनच्या वर गेलं नाही. दाराशी पाऊल वाजलं की मी सिस्टिम बंद करायची. शेजारच्या कस्तुराबाईंनी एकदा काळजीनं विचारलं, तुझं गाणं आजारी आहे का गं.

यंदा साहेबांनी स्वतःच सांगितलं, की गावच्या जत्रेला तुमच्याकडे जेवायला येतो. आमच्याकडे जत्रेच्या दिवशी वाटेनं जाणाऱ्यालाही जेवू घालतात. साहेबांना नको कसं म्हणणार? घरी ते शाकाहारी आहेत, पण जत्रेच्या मटणाला ते घरचं धरत नाहीत.

त्या सकाळी मसाला वाटता वाटता माझं लक्ष मांडणीकडे गेलं. नवऱ्याला सांगितलं, आधी ते बॉक्स कुठेतरी लपवा.

"आगं, चोरीचं हायत का काय?" महिपती म्हणाला.

चोरीचे नव्हते. पण तेव्हा मला चोरीचे असते तर बरं, असं वाटत होतं. चोरीची लाज एकदाच वाटते.

आमचं घर दोन खोल्यांचं. लपवायला जागा एकच, पत्र्याची कोठी. तिच्यात अजून गिरणीत न नेलेलं इंद्रायणीचं भात होतं, तुसासकट. महिपतीनं दोन्ही बॉक्स त्यात कंबरेपर्यंत रोवले. वायरी काढल्या नाहीत, कारण एकदा काढल्या की जोडायच्या कशा ते आम्हा दोघांनाही आठवत नाही. मधली मशीन त्यानं बटणाला धरून ओढली आणि गोधड्यांखाली घातली. लाईट पहाटेपासून गेलेली होती, त्यामुळे मशीन चालू आहे का बंद, आणि ओढताना बटण कुठवर फिरलं, हे बघायचं कोणाला सुचलं नाही.

साहेब आले, पाटावर मांडी घालून बसले. पंखा नसल्यानं घामाघूम झाले, पण रश्श्याला नाव ठेवलं नाही. माझी चौथी भाकरी तव्यावर होती. तेवढ्यात लाईट आली. पंखा फिरला, फ्रिज घुरघुरला आणि कोठी लावणी म्हणायला लागली.

नुसती म्हणेना, झाकण उडवायला लागली. साहेबांचा घास हातात राहिला. महिपतीनं ताटातली नजर वर केली नाही. तो शांतपणे म्हणाला, "मिक्सर आसंल."

साहेब उठले. उष्टा हात लांब धरून डाव्या हातानं त्यांनी कोठीचं झाकण काढलं आणि आत वाकून बघत राहिले. मी उलथनं धरून उभी. चार वर्षं ज्याला भीत होते, ते आता दोन वाक्यांत उरकेल असं वाटलं.

"सविताबाई," ते हळूच म्हणाले, "ही कल्पना कुणाची?"

मग कळलं ते असं. बंगल्यातले स्पीकर थरथरू नयेत म्हणून साहेबांनी खास लोखंडी घोड्या करून घेतल्या होत्या, आणि त्यांत चाळून धुऊन वाळवलेली वाळू भरली होती. तरी त्यांचं समाधान होत नव्हतं. आणि इथे भातात बॉक्स असा ठाम उभा होता, की साहेबांना जेवण आठवेना. उत्तम, म्हणाले. मटणालासुद्धा ते उत्तम म्हणाले नव्हते.

मला आनंद झाला. तो अर्धा मिनिट टिकला. कारण साहेब हात धुऊन आले आणि कामाला लागले. दुसरी कोठी आणा, एकेक बॉक्स वेगळा ठेवू. फ्रिज पडवीत जाईल. मांडणी हवीच कशाला इथे. आणि तुम्ही बसायचं बरोबर या उंबऱ्यावर.

"आणि भाकरी कुठं थापू?" मी विचारलं.

"भाकरी नंतर."

मला उंबऱ्यावर बसवलं. गाणं परत पहिल्यापासून लावलं. खोटं कशाला बोलू, आवाज स्वच्छ होता. ढोलकीचा एकेक बोल निवडलेल्या तांदळासारखा वेगळा. गाणारीचा श्वाससुद्धा ऐकू आला. पण मी आपल्याच घरात पाहुणी आल्यासारखी हात मांडीवर ठेवून बसले होते, आणि तव्यावरची भाकरी करपत होती.

मी उठले. भाकरी उतरवली. मग कोठीतून मोठा बॉक्स उपसला, भात झटकलं आणि वायरीसकट मांडणीवर नेऊन ठेवला.

"अहो, तिथे नको," साहेब घाईनं म्हणाले, "तिथे सगळं थरथरणार."

"थरथरू दे साहेब. मला ते पेले आवडतात. तुम्ही फोनवर ऐकलं होतं ना, ते हेच. मिक्सर नव्हता तो."

साहेबांनी जरा विचार केला. "म्हणजे मिक्सर ठीक आहे तुमचा?"

"एकदम."

मी बटण सातावर नेलं. पेले सुरू झाले. साहेबांचा चेहरा चप्पल चावल्यासारखा झाला, पण ते पाटावर परत बसले. मी पिठाचा गोळा घेतला आणि थापायला लागले, ढोलकीवर, जशी रोज थापत होते तशी. आवाज ऐकून कस्तुराबाई दारात आल्या आणि आत येऊन भिंतीला टेकल्या. साहेब आहेत म्हणून त्यांनी पदर सारखा केला. मी बटण कमी केलं नाही.

दुसरं गाणं अर्ध्यावर असताना साहेब उठले. मला वाटलं, आता बंद करतात. माझा हात थांबला. त्यांनी मांडणीवरचा एक पेला घेतला, माठातलं पाणी प्यायले, पेला विसळला आणि परत रांगेत ठेवला. तो मुका राहिला. साहेब कान देऊन उभे राहिले, मग एका बोटानं त्यांनी तो शेजारच्या पेल्याकडे किंचित ढकलला.

"अजून जरा," मी म्हणाले.

त्यांनी अजून जरा ढकलला आणि तोही लागला किणकिणायला. साहेब पाटावर येऊन बसले. रस्सा गार झाला होता. महिपतीनं ती वाटी बाजूला सारली आणि दुसऱ्या वाटीत त्यांना गरम वाढला.