हिरवीचे मागचे दिवे

माझ्या नवऱ्याची हिरवी आणि माझ्या धाकट्या भावाची लाल, या दोन गाड्यांनी आमच्या घरातली निम्मी भांडणं लावली होती. उरलेली निम्मी मी लावायचे, असं नवऱ्याचं म्हणणं होतं.

दोन्ही गाड्या जुन्या, बसक्या, दोन दरवाज्यांच्या आणि दोनच माणसांच्या. श्रीमंत लोक मखमली कापडाखाली झाकून ठेवतात तसल्या नव्हेत. नोकरदार माणसाने हौसेने घ्यावी आणि सुट्टीचा दिवस तिच्याखाली आडवं होऊन घालवावा, अशा. दोघांनी आपापली गाडी एकाच वर्षी घेतली आणि तेव्हापासून कोणाची बरी, हा विषय जेवणाच्या टेबलावर यायचाच. भाजीत मीठ कमी पडलं तरी कोणाला कळायचं नाही.

माझ्या भावाला आम्ही ‘पुस्तक’ म्हणायचो. गाडीबरोबर आलेल्या पुस्तकात जे लिहिलंय ते तो करायचा, जेव्हा लिहिलंय तेव्हा करायचा. ऑइल वेळेआधी बदलायचा, ब्रेकचं तेल खराब झालेलं नसतानाही बदलायचा. त्यामुळे लाल गाडी किल्ली फिरवली की सुरू व्हायची, थांब म्हटलं की थांबायची आणि त्यावर बोलण्यासारखं काहीच उरायचं नाही. तिचा आवाज शिलाई मशीनचा होता. सीट इतकी कडक की तासाभराने पाठ नावाने हाका मारायची.

हिरवीचं सगळंच वेगळं. तिला सुरू करायचं तर आधी बटण ओढून क्षणभर वाट बघायची, मग हलकेच ॲक्सिलरेटर द्यायचा, मग तिची मर्जी. डावीकडची काच अर्धीच खाली यायची. गॅरेजमध्ये तिच्या पुढच्या चाकाजवळ माझा केकचा जुना ट्रे कायमचा ठेवलेला, कारण काही ना काही टपकत असायचं. कधी काळं, कधी पिवळट. नवरा ट्रे पुसायचा, डबीतून नवीन तेल भरायचा आणि म्हणायचा, “जुनी आहे, पाझरणारच.” पण ती रस्त्याने निघाली की माणसं वळून बघायची, हे खरं. मीसुद्धा तिच्यात बसले की उगाच ताठ बसायचे.

“लाल वापरायची गाडी आहे,” नवरा म्हणायचा. “हिरवी समजून घ्यायची गाडी आहे.”

“एवढं मला समजून घेतलं असतंस तर,” मी म्हणायचे.

जुन्या गाड्या बाळगणाऱ्यांचं एक मंडळ आहे, त्यांचं मासिक निघतं. दोन गाड्यांची तुलना करणारा लेख आमच्या लेकीने अंगावर घेतला. मुलगी नुकती नोकरीला लागलेली, लिहायची आवड. हिरवीवरच गाडी शिकलेली, त्यामुळे बापाच्या बाजूची, पण मामाचीही लाडकी. तिने फर्मान काढलं: आपापल्या गाडीबद्दल दोघंही खोटं बोलतात, तेव्हा डोंगरावर जाताना आपापली गाडी न्यायची आणि उतरताना बदलायची. ती मामाशेजारी बसून हिरवीबद्दल त्याचं मत लिहून घेणार, मी लालमध्ये नवऱ्याची कुरकुर ऐकणार. इतक्या वर्षांत हिरवीची किल्ली नवऱ्याने लेकीशिवाय कोणाच्या हातात दिली नव्हती. तो तयार झाला याचंच मला नवल वाटलं.

वर जाताना आम्ही पुढे होतो आणि लाल मागे. माथ्यावर एक चहाची टपरी आहे, तिथे उतरलो. भाऊ हसतच आला.

“भावजी, तुमची गाडी मागून डोळे मिचकावते हो! वळण आलं की मागचे दिवे लागतात, विझतात, परत लागतात. प्रत्येक वळणावर!”

“लाडात येते ती,” नवरा म्हणाला. “तुझी मारकुटी मास्तरीण आहे.”

आम्ही सगळे हसलो. मीही हसले. चहा चांगला होता, ऊन कोवळं होतं. त्यांनी किल्ल्यांची अदलाबदल केली. नवऱ्याने हिरवी सुरू कशी करायची ते भावाला सविस्तर सांगितलं: बटण, थांबणं, हलका पाय, दुसरा गिअर जरा अडतो, काच ओढू नकोस. भावाने सगळं नीट ऐकून घेतलं, पुस्तकच तो. ब्रेकबद्दल नवरा काही बोलला नाही. लेक मामाच्या शेजारी जाऊन बसली आणि हिरवी आमच्या आधी निघाली.

आम्ही मागोमाग उतरायला लागलो. पहिलं वळण आलं, नवऱ्याने ब्रेक दाबला आणि गाडीने जमिनीत नाक खुपसलं. त्याने परत दाबला तशी चाकं किंचाळली. पट्टा आवळून माझ्या छातीत कळ आली.

“कसला हा ब्रेक!” तो चिडला. “तुझ्या भावाने वाजवीपेक्षा कडक करून ठेवलाय.”

दुसऱ्या वळणावर तेच. माझं कपाळ काचेला लागता लागता राहिलं. तिसऱ्या वळणाआधी मी दोन्ही हात पुढे टेकवले आणि खाली त्याच्या पायाकडे बघितलं. पाय ब्रेकवर गेला, दाबला, उचलला, परत दाबला. मधे श्वास घेण्याइतकाही वेळ नव्हता. पापणी लवावी तसा तो पाय हलत होता आणि नवऱ्याचं लक्ष रस्त्यावर होतं.

हिरवी डोळे मिचकावते, ते का, हे मला तेव्हा कळलं.

“तू दोनदा का दाबतोस?”

“काय दोनदा?”

“ब्रेक. तू ब्रेक दोनदा दाबतोस.”

“काहीतरीच. मी एकदाच दाबतो.”

“आता दाब. पायाकडे बघून दाब.”

सरळ रस्ता होता. त्याने दाबला, गाडी अडखळली, त्याने परत दाबला. मला वाटतं, त्यालाही तो पाय आपला आहे हे ओळखायला वेळ लागला.

“हिरवीचा पहिल्या दाबाला लागत नाही?” मी विचारलं.

“लागतो की.” मग तो म्हणाला, “जरासा मऊ आहे.”

“कधीपासून?”

त्याला सांगता येईना. हळूहळू होत गेलं असणार. ब्रेक रोज थोडा मऊ झाला आणि पाय रोज थोडा शिकला, आणि त्या दोघांनी मिळून ही गोष्ट त्याच्यापासून लपवून ठेवली. माझा भाऊ मात्र आयुष्यभर एकदाच दाबत आला होता. त्याच्या शेजारी माझी मुलगी होती आणि हा रस्ता खाली जाऊन थेट महामार्गाला भिडतो, जिथून ट्रक जातात.

मी भावाला फोन लावला. फोन माझ्याच गुडघ्यापाशी वाजला, लाल गाडीच्या कप्प्यात. लेकीला लावला. वाजत राहिला, कोणी उचलला नाही. परत लावला.

“जोरात चालव,” मी ओरडले.

“जोरात चालवून काय करू? पुढे जाऊन आडवा होऊ?”

“हो! आडवा हो!”

पुढच्या वळणावर डोंगराच्या बाजूच्या भिंतीवर हिरवा ओरखडा होता, हाताने ओढावा तसा लांबलचक. त्याच्या टोकाला रस्त्यात आरशाची काच पडलेली. नवऱ्याने ती चुकवली, तिच्याकडे बघितलंही नाही. मी देवाचं नाव घेत होते आणि मधे मधे नवऱ्याला शिव्या देत होते. दोन्ही एकाच दमात. प्रत्येक वळणाच्या पलीकडे काय दिसेल या भीतीने मी डोळे मिटायचे आणि बघितल्यावाचून राहवायचं नाही म्हणून उघडायचे.

वळणं संपली तशी हिरवी दिसली. महामार्गाच्या जरा अलीकडे, रस्त्यावरून उतरून गवतात तिरपी उभी. भाऊ एका दगडावर बसला होता, चेहरा पांढराफटक. स्टिअरिंगमागे लेक होती.

मी धावत गेले आणि तिला दारातून ओढून काढलं. तिचे हात, तोंड, डोकं चाचपलं. ती म्हणत होती, “आई, मी बरी आहे. आई, सोड ना.”

“दाबला तर पाय खाली तळाला टेकला गं ताई,” भाऊ म्हणाला. “काहीच नाही. नुसती हवा. हिने हँडब्रेक ओढला म्हणून भिंतीला घासून थांबलो. मग म्हणाली, मामा, सरक, तुला येत नाही हिची सवय.”

“दोनदा दाबावा लागतो हे तुला माहीत होतं?” मी लेकीला विचारलं.

“बाबांनी तसंच तर शिकवलं,” ती म्हणाली. “म्हणजे, मी त्यांच्या पायाकडे बघून शिकले. मला वाटायचं, जुन्या गाड्यांचं असंच असतं.” मग ती बापाकडे वळली. “पण बाबा, खाली येईपर्यंत तीनदा लागायला लागला. शेवटी तर हँडब्रेकही नुसताच वर येत होता. मी गवतात घातली म्हणून थांबली.”

नवऱ्याने लेकीकडून किल्ली घेतली आणि तो गाडीभोवती फिरला. खरचटलेल्या दारावरून हात फिरवला. खाली वाकून चाकामागे बघितलं, बोट लावून वास घेतला.

“ब्रेकचं तेल उतरलंय,” तो म्हणाला. “भरलं की झालं.” त्याने महामार्गाच्या पलीकडे बोट दाखवलं. तिथे एक गॅरेज होतं, दारात टायर रचलेले. “तिथवर नेतो.”

“भावजी, नको,” भाऊ उठून उभा राहिला. “त्यांनाच बोलावू. दोरी बांधून नेतील.”

“रस्ता ओलांडायला दोरी? अरे, माझी गाडी आहे ती.”

“किल्ली दे,” मी म्हणाले.

“तुम्ही सगळे घाबरलाय म्हणून असं वाटतंय. हळू नेतो. पहिल्या गिअरमध्ये ती पळायची म्हटली तरी पळणार नाही.”

“किल्ली दे म्हणते ना! आत्ता पोरगी मरता मरता वाचली.”

“वाचली ना?” तो म्हणाला, आणि मला समजवावं तसा हसला. “कशामुळे वाचली? हिला माझी गाडी कळते म्हणून. तीनदा लागतो तर तीनदा दाबायचा. त्यात काय?”

मी त्याचा शर्ट धरला. त्याने माझी बोटं एकेक करून सोडवली, अगदी प्रेमाने, आणि आत बसला. बटण ओढलं, क्षणभर थांबला, हलकेच पाय दिला. ती पहिल्याच फटक्यात सुरू झाली. इतक्या वर्षांत कधी झाली नव्हती.

गाडी गवतातून रस्त्यावर आली आणि उताराला लागली. आम्ही तिघं मागे उभे. उतार फार नव्हता, पण महामार्गापर्यंत तो होता. उजवीकडून एक ट्रक येताना दिसत होता, बराच लांब, आणि त्याच्यामागे दुसरा.

मागचे दिवे लागले आणि विझले.

“दाब,” लेक पुटपुटली. तिने माझं मनगट आवळलं होतं.

परत लागले, विझले. गाडीचा वेग तोच होता. तिसऱ्यांदा लागले, आणि माझा उजवा पाय आपोआप खालची माती दाबायला लागला. दिवे विझले.

“अजून एकदा, बाबा!” ती किंचाळली. “अजून!”

चौथ्यांदा लागले ते विझले नाहीत. त्याने पाय तळापर्यंत नेऊन तिथेच दाबून धरला होता. ट्रकचा हॉर्न सुरू झाला, लांब, न तुटणारा. भाऊ हात हलवत रस्त्यावरून पळत सुटला.

गाडी महामार्गावर गेली तेव्हाही ते दोन्ही दिवे लागलेलेच होते.